अठरा, बावीस, पंचवीस: फ्लोरिडाच्या पटमर्यादेचे प्रकरण

५ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर आपल्या राज्यघटनेत बरेच काही घालून टाकले. बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपानाला बंदी, चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवर्ग, गाभण डुकरिणीला वळताही येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवायला मनाई. (हो, हे राज्यघटनेतच. तिथे सह्या गोळा केल्या की नागरिकांना घटनादुरुस्ती थेट मतदानाला नेता येते.) आणि याच मतपत्रिकेवर दुरुस्ती क्रमांक ९ होती. सरकारी शाळेत एका शिक्षकाच्या हाताखाली एका वर्गात जास्तीत जास्त किती मुले असावीत, याचा आकडा तिने ठरवून दिला: बालवर्गापासून तिसरीपर्यंत १८, चौथी ते आठवी २२, नववी ते बारावी २५. ती ५२.४ टक्के मतांनी मंजूर झाली.

लहान वर्ग चांगला की वाईट, हा वाद इथे फारसा नाही. साठ मुलांच्या वर्गात शिकवलेल्या कोणालाही त्याचे उत्तर विचारावे लागत नाही. या प्रकरणात पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. मर्यादा आकड्यात लिहिली की कोणाची, कधी आणि कशी मोजायची हे ठरवावे लागते. फ्लोरिडात पुढची दहा-बारा वर्षे शाळा चालवणाऱ्यांची बरीच बुद्धी या तीन प्रश्नांवरच खर्च झाली.

मागणी कुठून आली

फ्लोरिडाची लोकसंख्या नव्वदच्या दशकात झपाट्याने वाढली आणि शाळा मागे पडल्या. शाळेच्या आवारात ट्रेलरसारख्या तात्पुरत्या खोल्या उभ्या करून वर्ग भरवणे हे नेहमीचे चित्र झाले होते. २००२-०३ मध्ये खालच्या वर्गांची राज्याची सरासरी २३ च्या आसपास होती, वरच्या दोन्ही गटांची २४ च्या आसपास. आपल्याकडच्या वाचकाला हे आकडे वाचून हसू येईल. पण सरासरी २३ याचा अर्थ कित्येक वर्गांत तीस आणि त्याहून जास्त मुले. तिथल्या पालकांना दिसत होते ते वर्ग, सरासरी नव्हे.

मोहिमेचा चेहरा होता मायामीचा डेमोक्रॅट राज्य सिनेटर केंड्रिक मीक. विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात, गव्हर्नर जेब बुशही त्याच पक्षाचे. सभागृहात हा विषय पुढे सरकत नाही हे पाहून मीक यांनी सह्यांचा मार्ग धरला. त्या वेळी सुमारे ४ लाख ८९ हजार सह्या लागत. शिक्षकांच्या आणि इतर संघटनांनी बळ दिले.

शास्त्रीय आधार म्हणून टेनेसी राज्यातल्या ‘स्टार’ प्रयोगाकडे बोट दाखवले जाई. १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगात बालवर्गातली मुले आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे लहान वर्गांत (१३ ते १७ मुले) आणि नेहमीच्या वर्गांत (२२ ते २५ मुले) वाटले गेले आणि तिसरीपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. लहान वर्गातली मुले वाचन-गणितात पुढे राहिली, आणि कृष्णवर्णीय व गरीब घरांतल्या मुलांना फायदा अधिक झाला. शिक्षणाच्या क्षेत्रात इतका नेटका प्रयोग क्वचित होतो, म्हणून त्याचे वजन मोठे. पण तो प्रयोग तिसरीपर्यंतचा होता. त्यातला लहान वर्ग १८ चा नव्हता, १५ च्या आसपासचा होता. आणि तो काही मोजक्या शाळांत झाला, म्हणजे त्यासाठी राज्यभर एकदम हजारो नवे शिक्षक शोधावे लागले नव्हते. फ्लोरिडाने त्यातून बारावीपर्यंतचा नियम काढला. इतकी लांब उडी त्या पुराव्याच्या जोरावर मारता येत नाही, हे तेव्हाही सांगितले गेले होते.

बुश यांचा विरोध खर्चावरून होता. आठ वर्षांत २० अब्ज डॉलरपासून साडेसत्तावीस अब्जांपर्यंतचे अंदाज फिरत होते. निवडणुकीच्या तोंडावर काही आमदारांशी बोलताना, खोलीत एक पत्रकार टेपरेकॉर्डर घेऊन बसला आहे याची कल्पना नसताना, ते बोलून गेले की ही दुरुस्ती मंजूर झालीच तर आपल्याकडे एक-दोन ‘कावेबाज’ योजना तयार आहेत. बातमी फुटली. मतदारांनी त्या दिवशी बुश यांना दणदणीत मतांनी पुन्हा निवडून दिले आणि त्यांना नको असलेली दुरुस्तीही मंजूर केली. तिची अंमलबजावणी करायची जबाबदारी अर्थात बुश यांच्याच सरकारवर आली.

सरासरीची सात वर्षे

दुरुस्तीच्या मजकुरात तीन गोष्टी पक्क्या होत्या. २०१० चे शैक्षणिक वर्ष सुरू होताना मर्यादा पूर्णपणे लागू झालेली असावी. तोवर दरवर्षी वर्गाची सरासरी किमान दोन मुलांनी उतरावी. आणि खर्च राज्याने करावा, स्थानिक शालेय जिल्ह्यांवर तो टाकू नये. शेवटची अट हुशारीची होती. वरून हुकूम आणि खालून पैसा, ही रीत कोणत्याही देशातल्या शिक्षण खात्याला नवी नाही, आणि इथे ती दुरुस्तीतच अडवली होती.

२००३ मध्ये विधिमंडळाने अंमलबजावणीचा कायदा केला आणि त्यात टप्पे घातले. पहिली तीन वर्षे मोजमाप जिल्ह्याच्या सरासरीवर. फ्लोरिडात ६७ काउंट्या आणि तितकेच काउंटी शालेय जिल्हे. मायामी-डेडसारख्या जिल्ह्यात तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी होते, तर काही ग्रामीण जिल्ह्यांत दोन-चार हजारही नव्हते. २००६-०७ पासून मोजमाप प्रत्येक शाळेच्या सरासरीवर आले. त्यानंतर मोजायची होती प्रत्येक तुकडी. हा शेवटचा टप्पा आधी २००८ चा होता, पण विधिमंडळाने तो ढकलत ढकलत घटनेने घातलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत, २०१०-११ पर्यंत नेला.

शिवाय जिल्ह्यांपुढे पर्यायांची एक यादी ठेवली: शाळांच्या हद्दी बदला, दोन पाळ्या करा, वर्षभर आळीपाळीने शाळा चालवा, मोठ्या मुलांना महाविद्यालयाच्या तासिका घेऊ द्या, ऑनलाइन शाळेत नोंदवा, दोन शिक्षकांना एका वर्गात एकत्र शिकवू द्या. यातला ऑनलाइनचा पर्याय तेव्हा कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

सरासरीची ही वर्षे, माझ्या मते, या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली. पैसा येत होता, खोल्या बांधल्या जात होत्या, शिक्षक भरले जात होते, आणि सरासरी खरोखर उतरली. दशकाच्या शेवटी खालच्या वर्गांची राज्याची सरासरी अठराच्याही खाली गेली होती. मुख्याध्यापकाच्या हातात थोडी मोकळीक उरत होती: अनुभवी बाईंच्या तुकडीत २०, नवख्या शिक्षकाच्या तुकडीत १५, आणि ज्या तुकडीत विशेष मदत लागणारी मुले जास्त तिथे १४. शाळेची सरासरी बसली की झाले. चांगला मुख्याध्यापक हेच करतो, कायदा असो वा नसो.

राजकारणात मात्र शांतता नव्हती. बुश यांनी ही मर्यादा सैल करणारी नवी दुरुस्ती मतदारांपुढे नेण्याचा प्रयत्न केला. २००६ मध्ये राज्य सिनेटमध्ये तो पडला, कारण काही रिपब्लिकनांनीच साथ दिली नाही. मायामीचे अ‍ॅलेक्स व्हियालोबोस हे त्यांतले एक. त्यांचे बहुमत पक्षनेतेपद गेले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जिचा या विषयाशी वरवर संबंध नव्हता. यापुढे घटनादुरुस्तीला साधे बहुमत पुरणार नाही, ६० टक्के मते लागतील, अशी दुरुस्ती फ्लोरिडाने मंजूर केली. ती स्वतः मंजूर झाली जेमतेम ५८ टक्क्यांनी. चार वर्षांनी तिचा हिशेब पटमर्यादेला चुकता करावा लागला.

त्र्याहत्तरावे मूल

२०१० च्या ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरासरी संपली होती. आता प्रत्येक तुकडी स्वतंत्रपणे मोजली जाणार होती.

याचा अर्थ समजायला एक हिशेब करून पाहू. समजा एका शाळेत पहिलीला ७२ मुले आहेत. चार तुकड्या, प्रत्येकी १८, बरोबर. सप्टेंबरात एक कुटुंब शेजारच्या वस्तीत राहायला येते आणि त्र्याहत्तरावे मूल दारात उभे राहते. सरकारी शाळा, मूल हद्दीतले, नाकारता येत नाही. कायदा काटेकोर पाळायचा तर पाचवी तुकडी उघडायची, म्हणजे पाचवी खोली आणि पाचवा शिक्षक, आणि सरासरी एकदम १४.६ वर. एका मुलामागे एक पूर्ण पगार. शाळेच्या सरासरीचा नियम असता तर दुसरीतल्या ७१ मुलांच्या जागेतून हे मूल सहज सामावले गेले असते: १४४ मुले, आठ तुकड्या, सरासरी १८.

नव्या नियमात मुख्याध्यापकाने काय करावे? एक वाट म्हणजे मिश्र तुकड्या. पहिलीच्या तीन शुद्ध तुकड्या, दुसरीच्या तीन. उरली पहिलीची १९ आणि दुसरीची १७ मुले, एकूण ३६, त्यांच्या दोन मिश्र तुकड्या. आठ शिक्षकांत काम भागले आणि प्रत्येक तुकडीत अठराच. पण मिश्र तुकडीतल्या शिक्षकाला आता दोन इयत्तांचा अभ्यासक्रम एकदम शिकवायचा आहे. आपल्याकडच्या दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना यात नवल वाटणार नाही, पण तिथल्या पालकांना वाटले. मुलाला लहान वर्ग मिळावा म्हणून मत दिले, आणि मिळाला तो दोन इयत्तांचा वर्ग.

दुसरी वाट दोन शिक्षकांचा एक वर्ग: एका खोलीत ३६ मुले आणि दोन शिक्षक. खोल्या कमी असतील तर ही सोय. चांगल्या जोडीच्या हाती हे उत्तम चालते, वाईट जोडीच्या हाती एक शिकवतो आणि दुसरा वह्या तपासतो. तिसरी वाट मुलाला दूरच्या शाळेत पाठवण्याची, जिथे जागा आहे. मग भाऊ एका शाळेत आणि बहीण दुसऱ्या. चौथी वाट दंड भरण्याची.

दंडाची मांडणीही तुकडीवारच होती. प्रत्येक तुकडीत मर्यादेपेक्षा जास्त असलेली मुले मोजायची, त्यांच्या बेरजेला प्रतिविद्यार्थी अनुदानाच्या दराशी जोडायचे, तेवढे अनुदान जिल्ह्याच्या हिश्शातून कापायचे. कापलेल्यातला काही भाग नियम पाळणाऱ्या जिल्ह्यांना बक्षीस म्हणून. ज्या जिल्ह्याकडे शिक्षक नेमायला पैसे नाहीत त्याच्याकडूनच पैसे काढून घेण्याची ही पद्धत. आणि हे २०१० साल आहे, घरबांधणीचा फुगा फुटून फ्लोरिडाचा महसूल कोसळलेला असताना. २००२ मध्ये मत देताना हे कोणाच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नव्हते, हे मान्य. पण घटनेत आकडा घातला की मंदी आली म्हणून तो वाकत नाही.

ऑक्टोबरातला आठवडा

मोजणी रोज होत नसे. ऑक्टोबरात विद्यार्थीगणनेचा एक आठवडा असतो. त्यात हजेरी आणि वेळापत्रक राज्याच्या संगणकात जाते, आणि तुकड्या तपासल्या जातात. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते. म्हणजे वर्ष सुरू होऊन सात-आठ आठवडे झाल्यावर, मुलांना शिक्षकाचे नाव आणि शिक्षकाला मुलांचे स्वभाव कळू लागल्यावर, तुकड्या फोडायच्या, शिक्षक हलवायचे, वेळापत्रके पुन्हा लिहायची. गणनेनंतर आलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न राहिलाच. २०११ च्या कायद्याने त्याला उत्तर दिले: गणनेनंतर खालच्या वर्गांत तीन आणि चौथीपासून पुढे पाच मुले मर्यादेवर घेता येतील, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत नियमात बसण्याचा आराखडा दाखवला की झाले.

सर्वांत मोठी पळवाट मात्र ‘विषय’ या खान्यात सापडली. मूळ दुरुस्तीने अभ्यासेतर वर्ग मर्यादेतून वगळले होते. वर्ग कोणता धरायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्याचे काम साहजिकच विधिमंडळाकडे आले, आणि त्याने ‘गाभ्याचे विषय’ अशी कोटी बनवली. २०११ मध्ये या कोटीची व्याख्या बदलली. आधी ८४९ अभ्यासक्रम गाभ्यात मोजले जात होते, ते ३०४ वर आले. परकीय भाषांचे आणि महाविद्यालयीन दर्जाचे प्रगत अभ्यासक्रम यांतले पुष्कळ बाहेर गेले. त्या तासांना मर्यादाच उरली नाही. गणिताचा वर्ग २५ वर धरून ठेवायला जी माणसे लागतात ती प्रगत इतिहासाच्या तासातून काढायची, आणि त्या तासात मग पस्तीस मुले बसवायची. घटनेतला एक शब्दही न बदलता मर्यादेचे क्षेत्र एक तृतीयांशाच्या जवळ आणले गेले.

ऑनलाइनचे तेच झाले. मायामी-डेडमध्ये २०१०-११ साली सात हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना शाळेतल्याच संगणकखोलीत बसवून ऑनलाइन अभ्यासक्रम दिले गेले. खोलीत शिक्षक नाही. संगणक बंद पडला तर सुरू करून देणारा आणि शिस्त राखणारा एक मदतनीस. ऑनलाइन शाळेला पटमर्यादा लागू नसल्यामुळे या खोलीत किती मुले बसली याला कायद्याचे बंधन नव्हते. काही मुलांना आणि पालकांना शाळा सुरू झाल्यावरच कळले की आपला हा तास शिक्षकाविना आहे. एका शिक्षकाकडे कमी मुले असावीत म्हणून केलेल्या नियमाची अंमलबजावणी करताना काही मुलांच्या वाट्याला समोर बसलेला शिक्षकच उरला नाही. जिल्ह्याला यात सरसकट दोष देणे मला जड जाते. खोल्या नव्हत्या, पैसा नव्हता, दंड समोर होता, आणि हा पर्याय कायद्याच्या यादीत आधीपासून होता.

पुढे ‘शाळा’ हा शब्दही हाताला लागला. चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या शाळांना, मोजमापासाठी शाळेची सरासरी धरण्याची सवलत होतीच. २०१३ मध्ये ती जिल्ह्याच्या ‘निवडीच्या शाळां’नाही मिळाली, म्हणजे जिथे पालक हद्दीबाहेरूनही मूल घालू शकतात अशा शाळांना. मग अनेक जिल्ह्यांनी आपल्या नेहमीच्याच शाळांना ‘निवडीच्या शाळा’ म्हणून जाहीर करायला सुरुवात केली. शिक्षक तेच, इमारत तीच, मुले तीच. तुकडीवार मोजणीतून अशा रीतीने शेकडो शाळा बाहेर पडल्या आणि राज्य पुन्हा २००६ च्या जागी, शाळेच्या सरासरीवर येऊन पोचले.

योग्य दुरुस्ती, चुकीच्या हातात

तिथे सरळ मार्गाने पोचण्याची एक संधी आली होती. २ नोव्हेंबर २०१० रोजी मतदारांपुढे दुरुस्ती क्रमांक ८ होती. पुढे ठेवणाऱ्यांत सिनेटर डॉन गेट्झ होते, जे आधी ओकालूसा जिल्ह्याचे शालेय अधीक्षक राहिले होते. म्हणजे वेळापत्रक कसे बनते हे माहीत असलेला माणूस. प्रस्ताव असा: १८, २२, २५ ही मर्यादा शाळेच्या सरासरीला लागू राहावी, आणि कोणत्याही एका तुकडीत २१, २७ आणि ३० यांच्या वर मुले नसावीत. त्र्याहत्तराव्या मुलाचा प्रश्न याने बहुतेक सुटला असता आणि चाळीस-चाळीस मुलांचे वर्गही परत आले नसते. मला हा मसुदा मूळ दुरुस्तीपेक्षा चांगला वाटतो.

शिक्षक संघटनेने विरोध केला, मतपत्रिकेवरच्या शब्दांवरून न्यायालयातही गेली. तिचे म्हणणे असे की सरासरीच्या नावाखाली विधिमंडळाला पैसे कापायचे आहेत आणि मतपत्रिका ते लपवते. न्यायालयाने प्रस्ताव मतपत्रिकेवर राहू दिला. पण संघटनेची भीती हवेतून आलेली नव्हती. ज्या पक्षाने आठ वर्षे ही मर्यादा मोडायचा प्रयत्न केला, ज्याच्या गव्हर्नरने ‘कावेबाज’ योजनांची भाषा केली होती, त्याच पक्षाच्या विधिमंडळाने आता ‘थोडी लवचिकता हवी’ म्हटल्यावर शिक्षकांनी ते सरळ मनाने का घ्यावे? मसुदा वाचून नव्हे, तर मसुदा आणणाऱ्याकडे पाहून बाजू ठरल्या.

निकाल लागला. प्रस्तावाच्या बाजूने सुमारे ५४.५ टक्के मते पडली. आठ वर्षांपूर्वी मूळ मर्यादेला मिळाली होती ५२.४ टक्के. म्हणजे मर्यादा सैल करायला तिला घालण्यापेक्षा जास्त टक्के लोक तयार होते, आणि तरी प्रस्ताव पडला, कारण मधल्या काळात उंबरठा ६० वर गेला होता. घटनेतून बदल झाला नाही, म्हणून तो काही महिन्यांत व्याख्येतून झाला.

मुले शिकली का

याचे सर्वांत जास्त चर्चिले गेलेले उत्तर मॅथ्यू चिंगोस यांनी २०१० मध्ये हार्वर्डमध्ये असताना केलेल्या अभ्यासातून आले. त्यांची कल्पना साधी होती. दुरुस्ती आली तेव्हा काही जिल्हे आणि शाळा आधीच मर्यादेच्या आत होत्या, काही बाहेर. बाहेर असलेल्यांना वर्ग लहान करणे भाग होते. आत असलेल्यांना तितकाच प्रतिविद्यार्थी निधी मिळाला, पण तो कशावर खर्चायचा याचे बंधन जवळपास नव्हते. दोन्हींच्या तिसरी ते आठवीच्या परीक्षांच्या निकालांची वाटचाल त्यांनी ताडून पाहिली. सक्तीने वर्ग लहान केलेल्यांना काही ठळक जास्तीचा फायदा झालेला दिसला नाही.

हा निष्कर्ष वर्तमानपत्रांत ‘लहान वर्गाचा उपयोग नाही’ असा फिरला, आणि तो तसा नाही. तुलना लहान वर्ग विरुद्ध काहीच नाही अशी नव्हती. ती लहान वर्गावरच खर्चायचा पैसा आणि तेवढाच, पण मनाप्रमाणे खर्चायचा पैसा यांच्यातली होती. दुसरे, वर्गांच्या आकारात दोन गटांमध्ये पडलेला फरक टेनेसीतल्या सात-आठ मुलांच्या फरकाहून बराच कमी होता. आणि बालवर्ग ते दुसरी, जिथे टेनेसीत फायदा दिसला होता, त्या इयत्तांच्या राज्यव्यापी परीक्षाच नव्हत्या. पण त्या अभ्यासातून एक गोष्ट निघते आणि ती मला नाकारता येत नाही: तेवढाच पैसा मुख्याध्यापकाच्या हातात मोकळा दिला असता तर मुलांचे नुकसान झाले नसते. राज्याने वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलर ज्या एका नियमाला बांधले, त्याच्या बाजूने हा निकाल फार मोठी साक्ष देत नाही.

पैसा कुठे गेला हेही पाहायला हवे. मर्यादा सरसकट होती, म्हणून श्रीमंत उपनगरातल्या शाळेलाही पहिलीची पाचवी तुकडी मिळाली आणि गरीब वस्तीतल्या शाळेलाही. टेनेसीच्या प्रयोगाने जास्त फायदा ज्यांचा दाखवला होता, त्यांच्यासाठी वेगळे काही राखले गेले नाही. शिवाय सगळ्या राज्याला एकदम शिक्षक हवे झाले की चांगला शिक्षक कुठे जाईल हे सांगायला अभ्यासक लागत नाही. जिथे वाहनतळ मोठा आणि पालक मदतीला तयार, तिथे.

आपल्या बाजूने पाहताना

महाराष्ट्रात किंवा भारतात फ्लोरिडासारखा तुकडीवार नियम नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून, म्हणजे फ्लोरिडाची तुकडीवार मोजणी सुरू झाली त्याच वर्षी लागू झाला, आणि त्याच्या परिशिष्टात आहे ते विद्यार्थी-शिक्षक प्रमाण. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक. मोजायचे एकक शाळा आहे, तुकडी नाही. म्हणून ४० मुलांच्या वस्तीशाळेत दोन शिक्षक असले की प्रमाण २० ला १, फ्लोरिडाच्या अठराच्या जवळपास आणि कागदावर झकास. प्रत्यक्षात एका गुरुजींकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्यांकडे तिसरी, चौथी, पाचवी. त्यातला एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की प्रमाण आणखी बिघडते, पण ते कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. शाळेची सरासरी बरी, असे मी वर म्हटले ते मोठ्या शाळांपुरते खरे आहे. दोनशिक्षकी शाळेत सरासरी काहीच सांगत नाही.

मोजणीचा ठरावीक दिवस मात्र दोन्हीकडे आहे. त्यांचा ऑक्टोबरातला आठवडा, आपला ३० सप्टेंबरचा पट आणि त्यावर होणारी संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी. फरक मोहाच्या दिशेत आहे. तिथे तुकडीतली मुले कमी दिसली तर दंड टळतो, इथे पट जास्त दिसला तर पद टिकते, तुकडी टिकते, आणि शिक्षक अतिरिक्त ठरत नाही. म्हणून तिथे मुलांना ऑनलाइन खोलीत हलवले गेले, आणि इथे ऑक्टोबर २०११ मध्ये, ३ ते ५ तारखेला, राज्य सरकारला सगळ्या शाळांची पटपडताळणी एकाच वेळी करावी लागली, तीही मुलांच्या बोटाला शाई लावून, म्हणजे तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये. लाखो नावे अशी निघाली की ज्यांची मुले सापडली नाहीत. तेव्हापासून आधार जोडा, ऑनलाइन नोंदी करा, असे उपाय होत आले आहेत. ते नावे खोटी असण्यावरचे उपाय आहेत. शिक्षकाचे पद एका दिवसाच्या आकड्याला लटकलेले आहे, ते तसेच राहिले. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले मूल सप्टेंबरात पटावर असते आणि जानेवारीत नसते. शहरातल्या शाळेत उलट, डिसेंबरात येऊन दाखल होणारे मूल कोणाच्याच मंजुरीत बसत नाही. फ्लोरिडाने निदान नंतर आलेल्या तीन-पाच मुलांची तरतूद कायद्यात लिहिली.

दुसरा फरक पैशाचा. फ्लोरिडाच्या मतदारांनी खर्च राज्यावर, असे घटनेत लिहून घेतले होते, म्हणून मंदीतही विधिमंडळाला तो निधी अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा लागला. पुरेसा होता का यावर भांडण झाले, पण भांडायला एक ओळ होती. शिक्षणहक्क कायद्यात मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त रिक्त ठेवू नयेत असे कलम २६ म्हणते. ते मोडले तर कोणाच्या खिशातून काय कापायचे, हे तिथे लिहिलेले नाही.

फ्लोरिडाच्या घटनेत आजही १८, २२ आणि २५ हेच आकडे आहेत. निवडीची शाळा नसलेली एखादी नेहमीची प्राथमिक शाळा अजूनही तुकडीवार मोजली जाते, प्रगत अभ्यासक्रमाचा तास मोजला जात नाही, आणि ऑनलाइन तासाला मर्यादा नाही.